कापलेलं वाक्य

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचं वसावे मॅडमनी जे केलं, ते मी अजून विसरलेलो नाही. कृषी संशोधन केंद्रात मी नवा होतो, कीटकशास्त्रातली डॉक्टरेट ताजी होती, आणि कापसावरच्या बोंडअळीबद्दल मी अगदी जीव ओतून लिहिलं होतं. कागद परत आले तेव्हा त्यांवर छापलेलं कमी आणि पेन्सिलीचं जास्त दिसत होतं. 'येथे हे आवर्जून नमूद करणे अत्यंत आवश्यक ठरते की' या माझ्या लाडक्या सुरुवातीवर एक सरळ आडवी रेघ, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'आवश्यक आहे ना? मग करा. सांगत काय बसलात?' पानोपानी हेच. माझं तोंड इतकं कडू झालं की आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसावं, कारण त्या तशाही कोणाशी फारसं बोलत नसत.

मरियम वसावे. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या. विषय मृदाशास्त्र. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. शेतात माणूसभर खड्डा खणून घ्यायच्या, स्वतः त्यात उतरायच्या, मातीचे थर बोटांनी चाचपायच्या, वर येऊन हात झटकायच्या आणि त्याच हातांनी कोणाचा तरी लेख तपासायला घ्यायच्या. कागदाच्या कोपऱ्यावर मातीचा अंगठा दिसला की समजायचं, मॅडमच्या टेबलावरून आला.

हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. कधी तरी कोणाचा तरी निबंध भाषेपायी परत आला, केंद्राच्या साहेबांनी तो मॅडमकडे सरकवला, आणि तेव्हापासून केंद्रातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद, इंग्रजी असो की मराठी, त्यांच्या हाताखालून जायला लागला. व्याकरणात त्यांना कोणी पकडलंय असं माझ्या ऐकण्यात नाही. पण व्याकरणाचं त्यांना फार कौतुकही नव्हतं. "चूक काय, दुरुस्त होते," त्या म्हणायच्या. "फुगलेलं वाक्य दुरुस्त होत नाही. त्याला चूकच नसते ना." कोणी 'निरीक्षणे नोंदविण्यात आलेली आहेत' असं लिहिलं की समोर बोलावून शांतपणे विचारायच्या, "कोणी नोंदवली? तुम्ही की भुतानं?"

बोलण्यातही तोच हिशेब. जुने साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत प्रत्येकाने त्यांना वटवृक्षापासून दीपस्तंभापर्यंत सगळं करून सोडलं. मॅडमची पाळी आली. त्या उठल्या, म्हणाल्या, "साहेबांनी मला कधी खोटं लिहायला लावलं नाही. मी त्यांची आठवण ठेवीन." आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हेच कोणाला कळेना. साहेब मात्र चष्मा काढून पुसत होते, आणि एवढ्या सगळ्या भाषणांत तो त्यांनी तेव्हाच काढला. रविवारी त्या चर्चमध्ये जायच्या. एकदा मी मुद्दाम खोड काढली, "मॅडम, पाळकांची प्रार्थना लांबली तर तीही कापता का?" त्यांनी जराही न हसता सांगितलं, "मनात. देवाला आपण काय मागतो ते आधीच माहीत असतं, त्यालाही कशाला ताटकळवायचं?"

हा हेका आला कुठून, ते मला जीपमधल्या एका लांबलचक प्रवासात कळलं. त्यांच्या घरी, गावात, कोकणी बोलतात. समुद्राकडची नव्हे, त्या डोंगरातली. मराठी त्यांना शाळेने शिकवली. गावात कोणी ना कोणी साहेब यायचा, चर्चसमोरच्या चिंचेखाली लोक जमायचे, साहेब छान, शुद्ध, लांब मराठीत तासभर बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे, जीप निघून जायची. आणि मग सगळे या सहावी-सातवीतल्या मुलीकडे वळायचे. काय म्हणाला तो?

"मला आठवून आठवून काही सांगायला मिळायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तासाभराच्या बोलण्यातून एखादं वाक्य उरायचं. कधी तेही नाही. आणि लोकांना वाटायचं, या पोरीला मराठी येत नाही."

तेव्हाची सवय त्यांनी नोकरीतही सोडली नव्हती. कोणताही लेख बाहेर पाठवण्याआधी त्या गावी आपल्या थोरल्या भावाला फोन लावायच्या. शिमोनदादा शेती करायचे, मराठी चौथीपर्यंत शिकलेले. लेखाचा निष्कर्ष मॅडम त्यांना कोकणीत सांगायच्या. सांगता आला, दादांना कळला, तर लेख ठीक. अडखळायला झालं तर पेन्सिल पुन्हा अंबाड्यातून बाहेर. आम्ही त्याला थट्टेने 'शिमोनदादांची मंजुरी' म्हणायचो. माझ्या बोंडअळीलाही ती मंजुरी घ्यावी लागली होती. तो निबंध नंतर छापून आला तेव्हा मी वाचला, आणि नाइलाजाने कबूल करावं लागलं की मला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सोनवणे आमच्यात सगळ्यात शेवटी आला. कळसाडी गावचा. बुद्धीने चांगला, कामाला वाघ, पण स्वभावाने इतका भित्रा की 'आज सोमवार आहे' हेसुद्धा त्याने 'आज सोमवार असल्याचे दिसून येते' असं लिहिलं असतं. तुरीच्या एका नव्या वाणाचे प्रयोग त्याच्याकडे होते. तापीच्या अंगाच्या शेतांत त्याने तो घेऊन पाहिला, पीक दृष्ट लागण्यासारखं आलं, आणि एका शेतकी मासिकासाठी त्याने लेख लिहिला. त्याच्या सारांशातलं पहिलं वाक्य मला अजून जवळजवळ पाठ आहे: 'तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत, फुलोऱ्याच्या वेळी एक पाणी देण्याची सोय असलेल्या क्षेत्रावर घेण्यात आलेल्या प्रयोगांच्या मर्यादेत विचार करता, सदर वाण हा सध्या प्रचलित असलेल्या वाणांच्या तुलनेत अधिक उत्पादनक्षम असल्याचे प्राथमिकदृष्ट्या आढळून आल्याचे म्हणता येईल.'

मॅडमच्या टेबलावरून ते परत आलं ते असं: 'ही तूर सध्याच्या वाणांपेक्षा जास्त पिकते.'

सोनवणे माझ्या खोलीत येऊन बसला. आम्ही दोघं एकटे असलो की अहिराणीतच बोलायचो. "भाऊ, बाईनी मन्हा लेखना निस्ता सांगाडा ठेवा," तो म्हणाला. "तठे आपन फुलोरामा पानी दिधेल व्हतं. ते लिखानं नही का?"

"तूच सांग तिले. मन्हं कोन ऐकस?" मी म्हणालो.

तो गेला. मी दारातच उभा होतो, मजा बघायला. मॅडमनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग लेखाची पानं उलटून एका जागी बोट ठेवलं. "जमीन कोणती, पाणी केव्हा दिलं, हे सगळं तुम्ही इथे पद्धतीच्या भागात लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय मॅडम."

"मग परत कशाला? एकदा सांगितलेलं दोनदा सांगायचं म्हणजे वाचणाऱ्याला बुद्दू समजायचं. आणि हे 'मर्यादेत', 'प्राथमिकदृष्ट्या', 'म्हणता येईल'. पीक आलंय ना? मग घाबरता कशाला?"

सोनवणे मान हलवून परत आला. आणि खरं सांगायचं तर त्या घोळदार वाक्याचा मला इतका वैताग आला होता की मीही तेच कापलं असतं. त्या संध्याकाळी मॅडमनी गावी फोन लावला. निष्कर्ष एका दमात सांगून झाला. शिमोनदादांना तो लगेच कळला. इतका झटकन कळलेला लेख आमच्या केंद्रातून बहुतेक तोवर गेलाच नव्हता.

लेख छापून आला. लेख कोण वाचतं? आमच्या विस्तार विभागाने नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सारांश उचलला, सारांशातलं पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत घेतलं, वर हिरव्या तुरीचं चित्र टाकलं आणि घडीपत्रिका काढली. लहानसं, स्वच्छ, कोणालाही कळेल असं वाक्य. ते जिल्हाभर गेलं, सपाटीवर गेलं तसं डोंगरातही गेलं. सोबत बियाण्याच्या पिशव्याही गेल्या. पद्धतीचा भाग मासिकातच राहिला.

त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली. सपाटीवाल्यांनी मोटारी सुरू केल्या आणि फुलोऱ्यातल्या तुरीला पाणी दिलं. डोंगरात जमीन उताराची, मुरमाड, वीतभर खाली खडक. तिथे मोटार कसली आणि पाणी कसलं. तिथली जुनी तूर उंचीला बुटकी आणि दाण्याला बारीक, पण ओल संपायच्या आत शेंगा भरून मोकळी होणारी. ही नवी मात्र तेव्हा कुठे फुलायला लागली होती.

हे आम्हाला उशिरा कळलं. थंडीच्या दिवसांत एका सकाळी मॅडम माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "जीप सांगितली आहे. तुम्ही आणि सोनवणे चला." कुठे ते सांगितलं नाही.

शिमोनदादांच्या शेतात तूर खांद्याइतकी वाढलेली होती. लांबून पाहिलं तर पीक झकास. मॅडमनी एक शेंग तोडली, अंगठ्याने उकलली. आत दाण्याच्या जागी सुरकुतलेला टिपका. दुसरी उकलली, तिसरी उकलली, आणि मग त्या उकलतच राहिल्या, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिमोनदादा बांधावर उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते आमच्याशी मराठीत बोलत होते, पाहुण्यांशी बोलावं तसं.

"जुनं बी किती ठेवलंय, दादा?" मॅडमनी विचारलं. त्यांनीही मराठीत विचारलं.

"नाही ठेवलं. राखेत घालून ठेवायचो दरसाली. यंदा कशाला म्हटलं. खाल्लं."

"का नाही ठेवलं?"

"तू सांगितलं ना," शिमोनदादा म्हणाले. "जास्त पिकते म्हणून. मी चिंचेखाली सगळ्यांना तसंच सांगितलं. तुझ्याच शब्दात."

मॅडमनी खाली वाकून मूठभर माती उचलली. हे त्या कुठेही, सवयीने करायच्या. पण या वेळी ती चोळून पाहिली नाही, तशीच मुठीत धरून उभ्या राहिल्या. त्या डोंगरातल्या मातीवर त्यांचा स्वतःचा प्रबंध होता. ही माती पाणी किती धरते ते अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि त्यांनीच कापलं ते जमिनीचं आणि पाण्याचं. वाईट एवढंच वाटत होतं की एवढ्या पसाऱ्यात नेमकं तेच कामाचं होतं, आणि ते त्या पसाऱ्यासारखंच दिसत होतं.

परतताना मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मागे सोनवणे अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाला, "मी लिखेल व्हतं, भाऊ." त्यात तक्रार नव्हती. तो बिचारा रडवेला झाला होता. मॅडमना अहिराणी चांगली कळायची. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मान खाली गेलेली मला दिसली. इतकी वर्षं ही बाई कुठे तरी चुकावी असं मला मनातून वाटत आलं होतं. ती चुकली त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

केंद्रात बैठक झाली. नवे साहेब अतिशय समजूतदारपणे बोलले. म्हणाले, मूळ लेखात जमीन आणि पाणी दोन्हींचा उल्लेख आहे, लेख निर्दोष आहे, घडीपत्रिकेतलं वाक्यही लेखातलंच आहे, तेव्हा कोणाची काही चूक झाली असं म्हणता येणार नाही. सगळ्यांना हायसं वाटलं.

"चूक मी केली," मॅडम म्हणाल्या. "सोनवणेंनी लिहिलं होतं. मी कापलं. तसं छापा."

साहेबांनी खुलासा छापायचं मान्य केलं आणि तो समितीकडे दिला. समितीकडून आला तेव्हा मॅडमच्या त्या चार शब्दांचा अर्ध्या पानाचा परिच्छेद झाला होता. 'प्रतिकूल हवामानाच्या पार्श्वभूमीवर काही ठिकाणी अपेक्षित उत्पादकतेत तफावत निदर्शनास आल्याने' अशी त्याची सुरुवात होती, आणि शेवटपर्यंत त्यात कोणीही काही केलेलं नव्हतं. सोबत साहेबांची चिठ्ठी होती: 'फक्त व्याकरण पाहावे.' मॅडमनी तो परिच्छेद माझ्यासमोर वाचला. अंबाड्यातली पेन्सिल काढली, कागदावर टेकवली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"यात चूक एकही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वाक्यातही नव्हती."

पेन्सिल त्यांनी परत खोचली. खुलासा तसाच छापला गेला आणि अर्थातच कोणाला काही कळलं नाही.

त्यानंतर मॅडमनी लोकांचे लेख कापायचं सोडलं. कागद यायचे, जायचे, त्यांवर मातीचा अंगठा असायचा, रेघ नसायची. कधी पेन्सिल दिसलीच तर समासात: 'कोणाचं शेत?' 'उतार किती?' 'पाऊस नसता तर?' 'हे तुम्हाला माहीत नाही, तसं लिहा.' लेख लांबायला लागले. शेवटी शेवटी नवी मुलं तर फोनला विषय सांगून त्याच्याकडूनच लेख लिहून घ्यायला लागली, गुळगुळीत, बिनचूक, पानंच्या पानं. पूर्वी मॅडमनी ते एका बैठकीत झोडपले असते. आता ते त्या शेवटपर्यंत वाचत, एकेका ओळीखाली बोट धरून. एकदा मी न राहवून म्हटलं, "मॅडम, एवढा फापटपसारा तुम्ही वाचता तरी कसा?" त्या म्हणाल्या, "त्यात एखादं खरं असलं तर? पूर्वी मला वाटायचं, ते मला लगेच दिसतं."

हे मला आवडलं नाही. मला जुन्या मॅडम हव्या होत्या, भुतानं नोंदवली का विचारणाऱ्या. पण तसं त्यांना सांगण्याइतकी आमची सलगी नव्हती.

गावी फोन लावणंही थांबलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की दादा फोन उचलतात, घरचं सगळं बोलतात, शेतीचं विचारत नाहीत. पुढच्या पेरणीला दादांनी नात्यातल्या कोणाकडून, पार दुसऱ्या डोंगरावरून, जुन्या तुरीचं बी मागून आणलं होतं. हे मॅडमना दादांनी नव्हे, वहिनीने सांगितलं.

त्या निवृत्त झाल्या आणि गावी राहायला गेल्या. निरोपाच्या सभेला थांबल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. पेरणीच्या तोंडावर डोंगरातल्या तुरीचे नमुने गोळा करायला मी गेलो होतो. शिमोनदादांच्या शेताशी जीप थांबवली. दादा औत घेऊन निघायच्या बेतात होते, बैल जुंपलेले. मॅडम बैलांच्या पुढ्यात उभ्या होत्या, पायात तेच कॅनव्हासचे बूट. हातात कसल्या तरी बियाण्याची पुरचुंडी होती आणि त्या कोकणीत बोलत होत्या. मला ती भाषा मोडकीतोडकी कळते. हे बी कुठल्या गावात पिकलं, तिथली माती कशी, खडक किती खाली, पाऊस कधी उघडला, शेत कोणाचं, तो माणूस खोटं बोलणारा आहे की नाही, आणि त्यांना स्वतःला यातलं काय काय ठाऊक नाही, असं चाललं होतं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दादांनी मला पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "बघा साहेब. पहिले एका वाक्यात सांगायची. आता बैल ताटकळतात." मग बहिणीकडे वळून, मला कळावं म्हणून मराठीतच, म्हणाले, "थोडक्यात सांग ना."

"थोडक्यात नाही," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण ऐकून जा."

दादांनी बैल सोडले, झाडाला बांधले आणि येऊन बांधावर बसले. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी पलीकडून हळूच विचारलं, "दादा, पेरणार का हे?"

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, गप्प बसा अशा अर्थी.

"आधी तिचं सांगून होऊ दे," ते म्हणाले.